दुसऱ्याची तबकडी, स्वतःची लय

‘डीजे म्हणजे दुसऱ्यांची गाणी लावणारा माणूस’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता त्यावर वाद घालणंही सोडून दिलंय. खरं सांगायचं तर ते वाक्य अगदीच चुकीचं नाही. बहुतेक डीजे गाणीच लावतात, आणि ती नीट लावणं हेही काही खायचं काम नाही. पण हिप-हॉपमध्ये एक जमात अशी आहे की ती तबकडीवर हात ठेवते तो गाणं लावायला नाही, वाजवायला. टर्नटेबल म्हणजे तबकडी फिरवणारं यंत्र, म्हणून या लोकांना टर्नटेबलिस्ट म्हणतात. 1995च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या डीजे बाबूने हा शब्द रूढ केला, तो हाच फरक दाखवायला.

यावर एक शंका हमखास येते आणि ती रास्त आहे. तबकडीवर जे कोरलंय ते कोरलंय. त्यात एक स्वर वाढवता येत नाही की एक शब्द बदलता येत नाही. मग तिथे उपज कसली आणि उत्स्फूर्तपणा कसला?

तबकडीवर आवाज ठरलेला असतो, वेळ ठरलेली नसते. आवाज केव्हा सुरू करायचा, कुठल्या जागेपासून, किती वेगाने, सुलट की उलट, आणि त्यातला किती भाग लोकांच्या कानापर्यंत जाऊ द्यायचा, हे सगळं वाजवणाऱ्याच्या हातात उरतं. हिप-हॉपमधली जवळजवळ सगळी हातचलाखी या पाच निर्णयांत मावते. ते निर्णय सेकंदाच्या काही अंशांत घ्यावे लागतात, एवढीच अडचण.

ब्रॉन्क्समधली एक खोली

11 ऑगस्ट 1973. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात 1520 सेजविक अव्हेन्यू या इमारतीच्या सामायिक दालनात एका शाळकरी मुलीने पार्टी ठेवली. तिचं नाव सिंडी कॅम्पबेल. मुलींना 25 सेंट, मुलांना 50 सेंट प्रवेश. गाणी लावायला तिचा अठरा वर्षांचा भाऊ क्लाइव्ह, म्हणजेच कूल हर्क. हे कुटुंब जमैकाहून आलेलं, त्यामुळे मोठमोठ्या स्पीकरांची आणि माइकवरून गर्दीला साद घालण्याची सवय तिथूनच आलेली.

हर्कने काय हेरलं? नाचणारी मुलं गाण्याच्या एका विशिष्ट जागेची वाट बघत थांबतात. गायक गप्प होतो, बाकीची वाद्यं मागे सरतात आणि उरतो फक्त ड्रम, फार तर सोबत बोंगो किंवा बेस. या जागेला ‘ब्रेक’ म्हणतात. अडचण एकच: ब्रेक जेमतेम काही सेकंद टिकतो. मुलं रंगात येतात तोवर गायक परत हजर.

हर्कने एकाच गाण्याच्या दोन तबकड्या घेतल्या. पहिलीवरचा ब्रेक संपत आला की दुसरीवरचा सुरू, दुसरीवरचा संपेतो पहिलीची सुई उचलून परत मागे. पाच-दहा सेकंदांचा तुकडा मग पाच मिनिटंही चालवता येतो. ‘इन्क्रेडिबल बोंगो बँड’चं ‘अपाची’ हे गाणं त्याच्या अशा आवडत्या ब्रेकपैकी एक. पुढे ते इतक्या डीजेंनी वापरलं की हिप-हॉपचा पाठ्यक्रम म्हटला तर त्यात पहिल्या धड्यात यावं. (तबकड्यांची नावं कुणाला कळू नयेत म्हणून हर्क त्या पाण्यात भिजवून वरचं लेबल काढून टाकायचा. घराण्याची चीज सहजासहजी न देणारे उस्ताद सगळीकडेच असतात.)

इथे एक गोष्ट नजरेतून निसटते. हा ब्रेक किती वेळ लांबवायचा हे कुठे लिहिलेलं नव्हतं. समोरचं नाचणाऱ्यांचं वर्तुळ तापलंय का, कुणी मध्ये उतरायला दबा धरून बसलंय का, दमलेत का, हे बघून तो ठरवायचा. म्हणजे हिप-हॉपमधली पहिली उपज बोटांची नव्हती, नजरेची होती. शेजारी माइकवर कोक ला रॉक नावाचा दोस्त लोकांना नावाने हाका मारी, एखादी ओळ जुळवून फेकी. रॅपचं बीज तेच.

घड्याळाचा काटा

हर्कची कल्पना मोठी, पण काम ढोबळ. सुई तो डोळ्यांच्या अंदाजाने ठेवायचा, त्यामुळे एका तबकडीवरून दुसरीवर जाताना ठेका लंगडायचा. हे खटकलं ते ग्रँडमास्टर फ्लॅशला. मूळ नाव जोसेफ सॅडलर, जन्म बार्बाडोसचा, वाढला ब्रॉन्क्समध्ये, शिक्षण तांत्रिक शाळेत, आणि छंद म्हणजे रेडिओ-बिडिओ उघडून आत काय चाललंय ते बघणं. त्याने या प्रश्नाकडे संगीताचा नव्हे तर यंत्राचा प्रश्न म्हणून पाहिलं.

त्याने तबकडीवर क्रेयॉनने खूण केली. ब्रेक सुरू होताना ती खूण कुठे आहे ते पाहायचं आणि फेरे मोजायचे. ऐकायला पोरकट वाटतं, पण त्यामागचं गणित सुंदर आहे.

तबकडी मिनिटाला 33⅓ फेरे घेते. म्हणजे एका फेऱ्याला 1.8 सेकंद. आता मिनिटाला 100 मात्रा अशा लयीचं गाणं घ्या. एक मात्रा 0.6 सेकंदांची, म्हणजे बरोबर एक तृतीयांश फेरा. चार मात्रांचं आवर्तन संपेतो तबकडी एक फेरा आणि वर एक तृतीयांश फिरते. खूण सुरुवातीला घड्याळातल्या बारावर असेल तर एका आवर्तनानंतर ती चारवर येते, दोन आवर्तनांनंतर आठवर, तिसरं संपलं की पुन्हा बारावर. दोन आवर्तनांचा ब्रेक परत वाजवायचा असेल तर तबकडी दोन फेरे आणि वर दोन तृतीयांश उलट फिरवायची, खूण बारावर आणून धरायची आणि समेवर सोडायची. सुई उचलायचीच नाही. फ्लॅशने या पद्धतीला घड्याळाचंच नाव दिलं होतं.

लय बदलली की हे आकडे बदलतात, आणि डीजे काही तिथे गुणाकार करत बसत नाही. हजारदा केल्यावर हाताला तो कोन कळतो. पण मुद्दा असा की आवाजाला आता जागा मिळाली. ‘दुसऱ्या मात्रेचा स्नेअर’ (ड्रमचा कडक, टणक ठोका) ही कानाने पकडायची गोष्ट होती, ती आता तबकडीवर बोट ठेवून दाखवता येऊ लागली. पेटीवाल्याला स्वर कुठे आहे ते दिसतं, तसं.

हे जमायला दोन साध्या गोष्टी लागल्या. एक, तबकडीखालचं कापड. टर्नटेबलवर मुळात रबराची चटई असते, ती तबकडीला घट्ट धरते. फ्लॅशने त्याजागी फेल्टचं कापड घातलं आणि ते लुळं पडू नये म्हणून त्याला खळ देऊन इस्त्री केली. आता खालचं चाक फिरत राहतं आणि वरची तबकडी हाताने अडवता येते, मागे ओढता येते. दुसरी गोष्ट म्हणजे लोकांना ऐकवण्याआधी स्वतःच्या कानात ऐकायची सोय. दोन टर्नटेबलांचे आवाज एकत्र करणाऱ्या मिक्सरमध्ये ती नव्हती, मग त्याने एक खटका बसवून ती करून घेतली.

चाक फिरवणारी मोटरही महत्त्वाची. पट्ट्यावर चालणाऱ्या टर्नटेबलची तबकडी अडवली की पट्टा घसरतो आणि वेग परत यायला वेळ लागतो. 1972 साली आलेल्या टेक्निक्स एसएल-1200 मध्ये मोटर थेट चाकाखाली होती. 1979च्या सुधारित मॉडेलला थांबलेल्या स्थितीतून पूर्ण वेग गाठायला 0.7 सेकंद पुरतात. घरात शांतपणे संगीत ऐकणाऱ्यांसाठी बनवलेलं हे यंत्र. त्याच्यावर पुढे काय प्रसंग येणार याची बनवणाऱ्यांना कल्पनाही नसेल.

हे सगळं एकत्र ऐकायचं तर फ्लॅशचं 1981चं ‘व्हील्स ऑफ स्टील’ हे ध्वनिमुद्रण ऐका. तीन टर्नटेबलं, डझनभर तबकड्यांचे तुकडे, आणि सगळं हातांनी, चालू ठेक्यावर. मध्ये चूक झाली की जोड देऊन पुढे जायचं नाही, पुन्हा पहिल्यापासून.

खरखर नव्हे, अक्षर

तबकडी सुईखाली हाताने पुढेमागे करून आवाज काढायचा, तो स्क्रॅच. त्याच्या जन्माची कथा ग्रँड विझर्ड थिओडोर हा डीजे स्वतः सांगतो. 1975च्या सुमाराची गोष्ट, वय बारा-तेरा. खोलीत मोठ्याने गाणी लावली होती, आई रागवायला दारात आली. ती बोलत असताना त्याने तबकडी हाताने धरून ठेवली आणि नकळत पुढेमागे हलवत राहिला. कानात आलेला आवाज त्याला आवडला. मग काही महिने त्याच आवाजामागे. चुकून आवाज निघणं हे काही विशेष नाही, सुई सगळ्यांचीच घसरते. तो आवाज ठेक्यात बसवावासा वाटणं, हे विशेष.

स्क्रॅचमध्ये दोन हात दोन वेगळी कामं करतात. एक हात तबकडी पुढेमागे नेतो. दुसरा हात मिक्सरवरच्या क्रॉसफेडरवर, म्हणजे आवाज उघडबंद करणाऱ्या छोट्या सरकत्या खिट्टीवर. पहिला हात आवाज काढतो, दुसरा त्याचे तुकडे पाडतो. बोलताना गळ्यातून येणाऱ्या सलग आवाजाला जीभ आणि ओठ तोडून अक्षरं बनवतात ना, तसंच. फेडर म्हणजे डीजेची जीभ.

सगळ्यात साधा प्रकार ‘बेबी’: फेडर उघडाच, तबकडी पुढे-मागे, बस. ‘चर्प’मध्ये तबकडी पुढे जाताना फेडर बंद करत न्यायचा आणि मागे येताना उघडायचा, पाखरू चिवचिवल्यासारखा आवाज येतो. हा फिलाडेल्फियाच्या जॅझी जेफच्या नावावर आहे. त्याच शहरात स्पिनबॅड, कॅश मनी आणि जेफ यांच्या हातून ‘ट्रान्सफॉर्मर’ वाढला: लांबलचक आवाज सोडायचा आणि फेडर टकटक उघडत त्याचे तुकडे करायचे.

मग आला ‘फ्लेअर’, ज्या डीजेने काढला त्याचंच नाव. यातली युक्ती उलटी आहे. फेडर उघडा ठेवून सुरुवात करायची आणि मध्येच क्षणभर बंद करायचा. एकदा बंद केला की एका आवाजाचे दोन होतात. तबकडी पुढे नेताना दोन आणि मागे आणताना दोन, असे एका हेलकाव्यात चार. दोनदा बंद केला तर तीन आणि तीन सहा. हाताचे कष्ट कमी, अक्षरं जास्त. ‘क्रॅब’ त्याही पुढचा: अंगठ्याने फेडर बंद बाजूला रेटून धरायचा आणि तीन-चार बोटं एकापाठोपाठ एक त्याच्यावरून सरकवायची, टिचक्या माराव्यात तशी. सॅन फ्रान्सिस्कोच्या क्यूबर्टने हा प्रकार जगाला दाखवला. कागदावर वाचून काही कळत नाही, हे मान्य. मी एका मित्राच्या टर्नटेबलवर नुसता बेबी करायला गेलो तर तिसऱ्याच झटक्याला सुई खाच सोडून बाहेर. मित्राने काही न बोलता हेडफोन काढून घेतले.

आता उपज कुठे येते ते पाहा. तबल्यात बोल ठरलेले असतात, पण कुठला बोल कुठल्याला जोडायचा आणि समेवर कसं यायचं हे वादकाचं. स्क्रॅचचंही तसंच आहे. चर्प, फ्लेअर, क्रॅब हे बोल. चांगला डीजे ते हातात इतके मुरवतो की त्यांचा विचार करावा लागत नाही, मग विचार करायला वाक्य मोकळं राहतं. चार-पाच डीजे एकत्र बसले की एकजण ठेका लावतो आणि बाकीचे चार-चार किंवा आठ-आठ आवर्तनं वाटून घेतात. आधीच्याने जिथे सोडलं तिथून दुसरा उचलतो, त्याचीच फिरत वाकडी करून परत करतो. या बैठकांत जे घडतं ते जॅझवाल्यांना अजिबात परकं वाटणार नाही.

वाजवायला आवाज कुठला घेतात, यालाही कारण आहे. जगात सर्वांत जास्त स्क्रॅच झालेला आवाज बहुधा 1982च्या ‘चेंज द बीट’ या तबकडीच्या शेवटी आहे: यांत्रिक गळ्यातून आलेला ‘आऽऽ’ आणि पाठोपाठ ‘फ्रेश’. ‘आऽऽ’ हा लांब, एकसंध स्वर आहे, त्याचे हवे तेवढे तुकडे करता येतात. ‘फ्रेश’मधला ‘फ’ आणि ‘श’ म्हणजे निव्वळ हवेचा फुत्कार. वेग कितीही बदलला तरी धारदार राहतो, ठेक्यात टोचतो. जॅझ पियानोवादक हर्बी हॅनकॉकच्या 1983च्या ‘रॉकइट’ या गाण्यात डीएक्सटी या डीजेने, तेव्हा तो डीएसटी म्हणवायचा, हाच आवाज वापरला. पुढच्याच वर्षी ग्रॅमी सोहळ्यात तो बँडसोबत मंचावर वाजवताना दिसला आणि अनेक पोरांना पहिल्यांदा कळलं की टर्नटेबल हे बँडमधलं वाद्य असू शकतं.

वेग म्हणजेच सूर

तबकडी जितक्या वेगाने सुईखालून जाते तितका सूर चढतो. वेग दुप्पट झाला की तोच आवाज बरोबर एक सप्तक वर. टर्नटेबलवर 33⅓ आणि 45 असे दोन वेग असतात. यांचं गुणोत्तर 1.35. सा आणि शुद्ध मध्यमाचं गुणोत्तर 1.33. म्हणजे एखादा लांब स्वर वाजत असताना 45चं बटण दाबलं की सा वरून मध्यमाच्या किंचित वर उडी पडते. वेग बारीक करायच्या पट्टीवर आठ टक्के वर, आठ टक्के खाली अशी जागा असते. त्यातून दोन्ही बाजूंना साधारण सव्वा ते दीड अर्धस्वर मिळतो. एवढ्या तुटपुंज्या भांडवलावर काही डीजे चक्क चाली वाजवतात. बाकीचा सूर हाताने तबकडी ढकलून किंवा रोखून काढायचा, म्हणजे मींड घेण्यासारखंच काम. कॅनडाच्या किड कोआलाने 2000 सालच्या अल्बमात ट्रम्पेटचा एकेक सूर असा ओढून, ताणून वाजवला की वादक झिंगून झोके खात वाजवतोय असं वाटावं. गंमत म्हणजे ट्रम्पेटला न जमणारे घसरडे सूर तबकडीला जमतात.

यासाठी लेखनपद्धतीही निघाली. 2000 साली तीन अमेरिकन तरुणांनी स्क्रॅच लिहायची एक रीत मांडली. आडवी रेघ म्हणजे वेळ, उभी म्हणजे तबकडीवरची जागा. हात पुढे गेला की रेघ चढते, मागे आला की उतरते, फेडर बंद असेल तिथे तुटते. चढण जितकी उभी तितका सूर चढा. एका नजरेत सगळं दिसतं. तरी बहुतेक डीजे आजही ऐकून आणि बघूनच शिकतात, आणि मला त्यात काही कमीपणा वाटत नाही.

‘बीट जगलिंग’ मात्र पूर्ण वेगळं प्रकरण. इथे स्क्रॅचची सजावट नाही, ठेकाच मोडून नवा बांधायचा असतो. 1990च्या सुमारास न्यूयॉर्कमधल्या हार्लेमच्या स्टीव्ह डीने याला आकार दिला. दोन टर्नटेबलांवर एकच तबकडी, पण दुसरी अर्ध्या मात्रेने मागे. डावीकडून एक किक (मोठ्या ड्रमचा जाड ठोका), लगेच उजवीकडून तीच किक, मग डावीकडून स्नेअर, उजवीकडून स्नेअर. मूळ ठेक्यात किक एकदाच होती, इथे दोनदा झाली. मधली मात्रा हाताने धरून ठेवा, ठेका थबकेल. एक मात्रा परत ओढा, अडखळेल. मूळ ड्रमरने कधीही न वाजवलेला ठेका त्याच्याच ठोक्यांतून उभा राहतो. हे करताना डीजेचे हात दोन टर्नटेबलं आणि मधला फेडर यांच्यात सतत ये-जा करत असतात.

स्पर्धेबद्दल थोडं खरं बोलू

टर्नटेबलिस्टांचे जे व्हिडिओ लोक आश्चर्याने बघतात ते बहुतेक स्पर्धांचे असतात. सर्वांत नावाजलेली डीएमसी जागतिक स्पर्धा 1985 साली सुरू झाली ती गाणी एकमेकांत मिसळायची स्पर्धा म्हणून. 1986 मध्ये डीजे चीझने तिथे स्क्रॅच करून बाजी मारली आणि स्पर्धेचा चेहराच बदलला. 1997 मध्ये ए-ट्रॅक पंधराव्या वर्षी जिंकला. मायामीच्या क्रेझने 1998 ते 2000 अशी सलग तीन वर्षं नेली.

पण अंतिम फेरीतली ती सहा मिनिटं उत्स्फूर्त नसतात. महिनोन्‌महिने घोटलेली असतात, हात कुठल्या क्षणी पाठीमागून जाणार हेसुद्धा ठरलेलं असतं. त्यात कमीपणा नाही, बसवलेली रचनाही संगीतच असते. मला खटकतं ते एवढंच की स्पर्धेचा व्हिडिओ बघून लोक ‘काय उत्स्फूर्त आहे!’ म्हणतात, आणि खरी उपज जिथे असते, रात्री दोन वाजता अर्ध्या रिकाम्या क्लबमध्ये किंवा कुणाच्या खोलीत रंगलेल्या बैठकीत, तिथे बघायला कुणी नसतं.

पाच सेकंदांची कविता

रॅपकडे वळताना एक गैरसमज आधी दूर करू. ‘फ्रीस्टाइल’ म्हणजे जागच्या जागी रचलेलं रॅप, हा अर्थ नंतरचा. 1980च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये फ्रीस्टाइल म्हणजे ठरावीक विषय नसलेलं कडवं. ते घरून लिहून आणलेलं असलं तरी चालायचं. बिग डॅडी केनसारख्या जुन्या रॅपरांनी हे स्वतः सांगितलंय. अर्थ बदलला त्यात लॉस एंजेलिसच्या ‘गुड लाइफ’ नावाच्या कॅफेचा मोठा वाटा. 1989च्या अखेरीपासून तिथे दर आठवड्याला माइक खुला असायचा. शिवीगाळ चालायची नाही, आणि कुणी रटाळ झाला की सगळी गर्दी ‘कृपया माइक पुढे द्या’ असं एका सुरात ओरडायची. अशा श्रोत्यांपुढे पाठ केलेलं किती दिवस चालणार? ‘फ्रीस्टाइल फेलोशिप’सारखे गट याच तालमीत तयार झाले.

जागच्या जागी रचणाऱ्याकडे वेळ किती असतो? मिनिटाला 90 मात्रांचा ठेका धरा. चार मात्रांची एक ओळ 2.67 सेकंदांची. यमकाची जोडी दोन ओळींत पुरी होते, म्हणजे सव्वापाच सेकंद. एवढ्यात अर्थ, यमक, श्वास आणि समोरच्या माणसाचा चेहरा, सगळं सांभाळायचं.

हे जमतं ते उलट विचार केल्यामुळे. नवखा रॅपर पहिली ओळ म्हणतो आणि मग यमक शोधत अडकतो. मुरलेला आधी दुसऱ्या ओळीचा शेवटचा शब्द पकडतो, ज्यावर टाळी मिळणार तो, आणि त्याला जुळणाऱ्या शब्दाने पहिली ओळ संपवतो. ऐकणाऱ्याला वाटतं यमक आपोआप सापडलं. प्रत्यक्षात तेच आधी होतं, वाट नंतर केली. शिवाय प्रत्येकाकडे काही तयार तुकडे असतात, ‘ऐका रे’, ‘माझं नाव अमुक’ या जातीचे, जे तोंड म्हणत असतं तेव्हा डोकं पुढच्या ओळीकडे पोचलेलं असतं. याला फसवणूक म्हणायचं कारण नाही. आलाप लांबवून पुढची जागा शोधणारा गवई आपण कधी पकडून देतो का?

मग ऐनवेळी रचलंय याचा पुरावा काय? समोरच्या वस्तू. सुपरनॅचरल नावाचा रॅपर प्रेक्षकांना हातातली वस्तू उंच धरायला सांगायचा, किल्ली, टोपी, फोन, काहीही, आणि ती दिसेल त्या क्रमाने कडव्यात गुंफत जायचा. कुणाच्या हातात काय असेल हे घरी पाठ करता येत नाही.

यावर मेंदूचा अभ्यासही झालाय. 2012 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी बारा फ्रीस्टाइल रॅपरांना एमआरआय यंत्रात झोपवून एकाच आठ आवर्तनांच्या ठेक्यावर आधी पाठ केलेलं आणि मग जागच्या जागी रचलेलं रॅप करायला लावलं. उत्स्फूर्त रचनेच्या वेळी मेंदूच्या पुढच्या भागातला मधला पट्टा, ज्याचा संबंध आतून येणाऱ्या प्रेरणेशी लावतात, जास्त कामात होता. त्याच भागाच्या बाहेरच्या अंगाचा, म्हणजे स्वतःवर नजर ठेवणाऱ्या आणि चुका काढणाऱ्या यंत्रणेचा जोर कमी झाला होता. घरातला मुख्याध्यापक थोडा वेळ बाहेर गेला, असं म्हणू या. बारा माणसं आणि तीही घरघरणाऱ्या नळकांड्यात पडलेली, हे लक्षात ठेवून यावर विश्वास ठेवावा. पण कुठल्याही रॅपरला विचारा, ‘विचार केला की अडखळतो’ हेच तो सांगेल.

ठेक्याच्या जरा मागे

1988 मध्ये रॉजर लिन यांनी रचलेलं आणि अकाईने बाजारात आणलेलं एमपीसी हे यंत्र आलं. त्यावर सोळा रबरी चौकोन असतात. प्रत्येकात एक आवाज भरायचा, किक, स्नेअर, कुणाच्या गाण्याचा अर्धा सेकंद, आणि बोटांनी वाजवायचं. चुकतमाकत वाजवलं तर यंत्र प्रत्येक ठोका ओढून नेमक्या मात्रेवर बसवून देतं. ही सोय बहुतेकांना वरदान वाटली. डेट्रॉइटच्या जे डिला या ठेके रचणाऱ्याने अनेकदा ती बंदच ठेवली. त्याची किक कधी थोडी आधी, स्नेअर थोडा नंतर, हायहॅट, म्हणजे ड्रमसोबतची झांज, आपल्याच तंद्रीत. घड्याळाच्या हिशेबाने चुकलेलं, अंगाच्या हिशेबाने बरोबर. पुढे उलटाच प्रकार झाला: ‘द रूट्स’चा ड्रमर क्वेस्टलव्ह खऱ्या ड्रमवर हे यंत्रातून आलेलं लडखडणं शिकला. गायक डी’अँजेलोच्या 2000 सालच्या ‘वूडू’ अल्बमात ते ऐकू येतं. ठेका पडेल पडेल वाटतो आणि पडत नाही. डिलाचं एमपीसी आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

‘द रूट्स’ हा फिलाडेल्फियाचा हिप-हॉप गट तबकड्यांऐवजी वाद्यांवर उभा आहे, आणि 2009 पासून जिमी फॅलनच्या रात्रीच्या टीव्ही कार्यक्रमाचा घरचा बँड आहे. तिथे त्यांचा एक खेळ असतो. फॅलन प्रेक्षकांतल्या कुणाला तरी दोन-चार प्रश्न विचारतो, काय करता, आवड काय, आणि बँड त्या माणसावर लगेच गाणं करतो, तेही फॅलन सांगेल त्या शैलीत. शब्दांइतकंच बँडकडे लक्ष द्या. पहिल्या मात्रेला ड्रमर शैली ठरवतो, दुसऱ्या आवर्तनात बेसवाला त्यात शिरतो, आणि रॅपरला त्याचे सव्वापाच सेकंद मिळतात.

आता बरेच डीजे गाणी संगणकात ठेवतात. तबकडीवर गाण्याऐवजी एक संकेत कोरलेला असतो, तो वाचून संगणक ओळखतो की तबकडी कुठे आहे, किती वेगाने आणि कुठल्या दिशेला जातेय. 2004 मध्ये आलेल्या सेराटो या संगणक-प्रणालीने हे सर्रास केलं. हातांचं काम तेच राहिलं. फ्लॅशची क्रेयॉनची खूण आता बऱ्याचदा पडद्यावर असते, आणि पडद्याकडे टक लावून बसलेला डीजे बघायला मला कंटाळा येतो, हा माझा दोष समजा.

प्रत्यक्ष कार्यक्रमाला गेलात तर हातांइतकंच डोळ्यांकडे बघा. बसवलेलं वाजवणारा स्वतःच्या हातांकडे बघतो. ऐनवेळचं वाजवणारा एक कान हेडफोनात आणि दुसरा उघडा ठेवून समोर बघत असतो: कोण नाचतंय, कोण पाण्याकडे वळलं, बाजूचा रॅपर श्वास घ्यायला थांबला का. आणि कधीतरी कुणाचा तरी धक्का टेबलाला लागतो आणि सुई उडते. ठेक्यात एक भोक पडतं, सगळ्यांना कळतं. अशा वेळी जाणता डीजे माफी मागितल्यासारखं हसत नाही. सुई जिथे पडली तिथला आवाज पकडतो, तो काहीही असो, आणि पुढच्या आवर्तनात त्याच मात्रेवर तो पुन्हा लावतो. मग आणखी एकदा. तिसऱ्या वेळेला नाचणारे त्या भोकासाठी थांबायला लागलेले असतात.